एजंटकडून वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या फायली करून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या लहान ऑफिसांची संगणकाची कामं करून देणं हा माझा व्यवसाय. सीएंची ऑफिसं, गृहनिर्माण संस्था, एक-दोन पतसंस्था, एक क्लासवाले. गेलं वर्षभर या सगळ्यांची मागणी एकच: एआयला सांगितलं की पत्र, तक्ता किंवा प्रेझेंटेशन तयार फाईल म्हणून हातात पडलं पाहिजे. (नुसतं उत्तर न देता टूल वापरून काम करून देणाऱ्या अशा एआयला मी खाली ‘एजंट’ म्हणते.) त्यासाठी मी एक छोटं टूल बांधलं. त्यात माझं असं थोडंच आहे. खरं ओझं उचलतात त्या पायथन-डॉक्स (वर्डसाठी), ओपनपायएक्सएल (एक्सेलसाठी) आणि पायथन-पीपीटीएक्स (पॉवरपॉइंटसाठी) या मुक्त लायब्रऱ्या, म्हणजे पायथन भाषेतल्या तयार कोडचे संच, आणि जोडीला लिबरऑफिस हे फुकट ऑफिस सॉफ्टवेअर. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. तुमचं टूल वेगळं असलं तरी आतली यंत्रं बहुधा हीच असतील, त्यामुळे दुखणीही हीच.

चॅटमध्ये ‘पत्र लिहून दे’ म्हटलं की देतोच की. मग वेगळं टूल कशाला?

तो मजकूर देतो, फाईल देत नाही. तो मजकूर वर्डमध्ये चिकटवून लेटरहेड लावणं, समास बसवणं, तक्त्याच्या रेघा ओढणं हे काम तुमच्याकडेच उरतं. महिन्याला दोन पत्रं असतील तर खरंच टूल नको. मार्चअखेरीला दोनशे थकबाकीदारांना पत्रं जायची असतील तर हवं.

एक गंमत करून बघा. वर्डच्या एखाद्या फायलीची नक्कल करा, नावाच्या शेवटचं ‘डॉक्स’ काढून ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत फोल्डर दिसतील, आणि ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये तुमचं पत्र साध्या एक्सएमएल मजकुरात, म्हणजे खुणांमध्ये गुंफलेल्या मजकुरात, सापडेल. शैली वेगळ्या फायलीत, चित्रं वेगळ्या फोल्डरात. ऑफिस २००७ पासून हा प्रकार रूढ झाला. त्याचं प्रमाणक एक्मा-३७६ या नावाने डिसेंबर २००६ मध्ये आलं आणि २००८ मध्ये ते आयएसओ २९५०० झालं. एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या फायलीही याच पद्धतीच्या झिप. म्हणून तर संगणकावर वर्ड नसतानाही कोड वर्डची फाईल घडवू शकतो. टूल म्हणजे तेवढंच: एजंट सांगतो काय हवं, टूल झिपच्या आतल्या चिठ्ठ्या लिहून पुन्हा गाठोडं बांधतं.

एमसीपी म्हणजे काय? ते लागतंच का?

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो खुला केला. एजंटने बाहेरच्या टूलला हाक कशी मारायची आणि टूलने उत्तर कसं द्यायचं याची ती ठरलेली रीत आहे. फायदा असा की टूल एकदा लिहिलं की एमसीपी कळणाऱ्या कुठल्याही एजंटला जोडता येतं. लागतंच असं नाही. एजंटला कोड चालवायची मुभा असेल तर तो लायब्रऱ्या थेट वापरू शकतो. पण माझ्या गिऱ्हाइकांच्या मशीनवर एजंटने मनाला येईल तो कोड चालवावा हे मला झेपत नाही. म्हणून मी मोजून चार कामं उघडी ठेवलीत: साचे दाखव, साचा भर, पानाचं चित्र काढ, भरलेलं परत वाचून दाखव. सुरुवातीला वीस ठेवली होती. एजंट त्यातच घोटाळायचा. परिच्छेद जोडायच्या जागी तक्ता जोडून मोकळा व्हायचा.

एक बारकी सूचना, स्वतःचा एमसीपी सर्व्हर, म्हणजे एजंटला जोडायचं टूल, लिहिणाऱ्यांसाठी. पायथनमध्ये जेसन (माहिती पाठवायचा मजकुराचा साचेबंद प्रकार) तयार करताना मूळ सेटिंग प्रत्येक देवनागरी अक्षराचा सहा चिन्हांचा सांकेतिक क्रमांक करून टाकतं. ‘नमस्कार’ची सात अक्षरचिन्हं, त्यांची बेचाळीस होतात. एजंटला ते वाचता येतं, पण टोकनचा (एआय मजकूर ज्या तुकड्यांत मोजतो त्यांचा) चुराडा होतो आणि लॉग बघणाऱ्या माणसाला काहीच कळत नाही. ‘एन्शुअर आस्की’ हे सेटिंग बंद करा.

साचा कशाला? एजंट हुशार आहे, त्यालाच अख्खं पत्र घडवू द्या ना.

देऊन पाहिलंय. सोमवारचं पत्र एका वळणाचं, मंगळवारचं दुसऱ्या. एकदा विषय मध्यभागी, एकदा डावीकडे. सही करणाऱ्याचं पद कधी नावाच्या वर, कधी खाली. प्रत्येक पत्र सुटं पाहिलं तर छान, पण पाच पत्रं शेजारी ठेवली की पाच वेगळ्या ऑफिसांतून आल्यासारखी.

त्यात आणखी एक खोच. पायथन-डॉक्सने कोरी फाईल उघडली की तिचा कागद अमेरिकन लेटर मापाचा असतो, आपला ए-४ नव्हे. पडद्यावर कळत नाही. छापताना खालची ओळ वर सरकते किंवा लेटरहेडचा तळ कापला जातो, आणि बोल प्रिंटरला बसतो. पायथन-पीपीटीएक्सची कोरी फाईलही जुन्या चौकोनी टीव्हीच्या, म्हणजे चारास तीनच्या मापाची असते. आजच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या.

तेव्हा माझा नियम साधा आहे. जे पुन्हा पुन्हा जातं, म्हणजे सूचना, पावती, मागणीपत्र, वेतनपत्रक, त्याचा साचा माणसाने वर्डमध्ये बसून करायचा, ए-४ वर, आपल्या लेटरहेडसकट. एजंटने फक्त रिकाम्या जागा भरायच्या. जे एकदाच लागणार, त्यात त्याला मोकळं सोडायला हरकत नाही.

साच्यातल्या काही खुणा (जिथे नाव, रक्कम भरायची त्या जागा) भरल्या जातात, काही तशाच राहतात. अक्षरं तर तीच दिसतात!

दिसतात, पण आत तुटलेली असतात. वर्ड ओळ सलग साठवत नाही, तुकड्यांत साठवतं. मध्ये एक अक्षर खोडून पुन्हा लिहिलं, स्पेलिंग तपासनीसाने लाल रेघ मारली, कीबोर्ड मराठीतून इंग्रजीत बदलला, की नवा तुकडा. तुम्ही महिरपी कंसात मराठीत ‘सभासदाचे नाव’ लिहिता तेव्हा कंस एका तुकड्यात आणि देवनागरी दुसऱ्यात पडण्याची दाट शक्यता असते. शोधणारा कोड एकेक तुकडा तपासतो, त्याला अख्खी खूण कुठेच सापडत नाही.

उपाय दोन. खुणांची नावं रोमन अक्षरांत ठेवा आणि ती नोटपॅडमध्ये लिहून एका फटक्यात चिकटवा. वर्डमध्ये बसून टंकू नका. दुसरा उपाय म्हणजे भरण्याआधी त्या परिच्छेदाचे तुकडे जोडून घेणारा कोड. तो लिहिता येतो, पण मग परिच्छेदातलं मधलंच एखादं बोल्ड पुसलं जातं. मी पहिलाच उपाय वापरते.

मराठी मजकूर बोल्ड होत नाही, फॉन्ट बदलत नाही, आकार वाढत नाही. एजंट मात्र ‘केलं’ म्हणतो.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना होती. शीर्षक बोल्ड, सोळा पॉइंट, असं एजंटला सांगितलं; त्याने कोड चालवला, चूक आली नाही, ‘तयार आहे’ म्हणाला. मीही न उघडता फाईल पाठवली. संध्याकाळी अध्यक्षांचा फोन: “मॅडम, यात शीर्षक कुठंय?” शीर्षक होतं, पण बाकीच्या मजकुराएवढंच, बारीक. गंमत म्हणजे त्याच ओळीत वर्ष इंग्रजी आकड्यांत टाकलं होतं, ते तेवढं मोठं आणि ठसठशीत. ओळीतून चार आकडे मान वर काढून उभे.

कारण असं. वर्डच्या लेखी देवनागरी ही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’, अरबी आणि थाई यांच्या पंगतीतली. या लिप्यांसाठी वर्ड वेगळ्या खुणा वाचतं. रोमन अक्षरं बोल्ड करायची खूण ‘बी’, देवनागरीसाठी ‘बीसीएस’. आकाराची खूण ‘एसझेड’, देवनागरीसाठी ‘एसझेडसीएस’. फॉन्टचंही तसंच, रोमनचं नाव एका खणात, देवनागरीचं ‘सीएस’ नावाच्या खणात. पायथन-डॉक्समध्ये फॉन्टचं नाव दिलं की ते फक्त रोमनच्या खणांत जातं. सीएसचा खण रिकामा राहतो आणि वर्ड आपल्या मनाने दुसरा फॉन्ट उचलतं, बहुधा मंगल. तुम्ही मुक्ता सांगितलेला असतो आणि कागदावर मंगल येतो.

देवनागरी बोल्डसाठी पायथन-डॉक्समध्ये वेगळा गुणधर्म आहे, ‘सीएस बोल्ड’ नावाचा. आकारासाठी तसा सोपा दरवाजा नाही, एक्सएमएलमध्ये हात घालून ‘एसझेडसीएस’ लिहावं लागतं. लिहिताना लक्षात ठेवा, आकडा अर्ध्या पॉइंटांत असतो: बारा पॉइंट हवे तर चोवीस.

हे सगळं कोडमध्ये करण्यापेक्षा साच्यातल्या शैलींतच एकदा करून ठेवणं शहाणपणाचं. वर्डच्या सेटिंगमध्ये मराठी किंवा हिंदी भाषा जोडलेली असेल तर फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा स्वतंत्र भाग दिसतो, फॉन्ट आणि आकार तिथे भरा. लिबरऑफिसमध्ये तोच भाग ‘सीटीएल’ नावाने आहे. ‘शीर्षक १’ ही शैली एकदा नीट झाली की एजंटने फक्त शैलीचं नाव घ्यायचं. त्याने बोल्ड करायचंच नाही.

पॉवरपॉइंट आणि एक्सेलमध्येही हाच त्रास?

अर्धा. तिन्ही भावंडं एका घरातली असली तरी स्वभाव निराळे. पॉवरपॉइंटमध्ये आकार आणि बोल्ड यांची एकेकच खूण असते, त्यामुळे ते देवनागरीला सुखरूप लागू होतं. फॉन्टचे खण मात्र तिथेही वेगळे, आणि पायथन-पीपीटीएक्स फक्त लॅटिनचा खण भरतं. एक्सेलच्या फायलीत खणांची भानगडच नाही, एका सेलला एक फॉन्ट. एक्सेलचे त्रास वेगळे आहेत, ते पुढे येतातच.

पॉवरपॉइंटबद्दल एवढंच सांगते की मजकूर चौकटीत मावतो की नाही हे लायब्ररीला कळत नाही. ती पान मांडून बघत नाही. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे ओळ रोमनपेक्षा उंच बसते. इंग्रजीत मावणारे सहा मुद्दे मराठीत पाचच मावतात. मी एजंटला एका स्लाइडवर पाचाच्या वर मुद्दे टाकू देत नाही. तसंही ऐकणारे कुठे सहावा वाचतात.

एक्सेलमध्ये रकमा दिसतात, पण बेरीज शून्य येते.

रकमा देवनागरी अंकांत आहेत का बघा. अठ्ठेचाळीस फ्लॅटच्या एका सोसायटीत हेच झालं. खजिनदार काका वहीत देवनागरी अंक लिहितात, एजंटने वहीचा फोटो वाचून जसंच्या तसं उतरवलं, आणि तक्ता बघून काकांनी विचारलं, “अहो, अख्ख्या महिन्याची वसुली शून्य?” तक्ता सुबक होता. पण ‘१२५०’ हे टूलने शब्द म्हणून लिहिलं होतं, संख्या म्हणून नाही. एक्सेलची बेरीज शब्दांना ओलांडून पुढे जाते. कुरकुरसुद्धा करत नाही.

यावरचा इलाज फार सोपा आहे, आणि मला तो उशिरा सुचला याची अजून लाज वाटते: पायथनचं ‘इंट’, म्हणजे मजकुराची संख्या करणारी आज्ञा, देवनागरी अंक आपणहून ओळखतं. स्वल्पविराम काढून टाका, इंटमधून गाळा, मग सेलमध्ये लिहा. देवनागरी अंक बघायचेच असतील तर ते दाखवण्याच्या स्वरूपातून दाखवता येतात, आत संख्या राहू द्यावी.

तारखांचंही तसंच. एजंटने तारीख मजकूर म्हणून लिहिली की क्रम लावताना सगळ्या महिन्यांतल्या एक तारखा एकत्र येतात. एक्सेलच्या पोटात तारीख हा एक आकडा असतो, १ जानेवारी १९०० म्हणजे १. (या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरलेला आहे. लोटस १-२-३ मधली चूक मेळ बसावा म्हणून तशीच ठेवली, ती अजून नांदतेय.) लायब्ररीला तारखेचीच वस्तू द्या, पुढचं ती बघते.

लाख-कोटींचे स्वल्पविराम नीट पडत नाहीत.

विंडोजचा प्रदेश ‘भारत’ असेल तर नेहमीचं स्वल्पविरामाचं स्वरूपसुद्धा १२,३४,५६७ असं दिसतं. तीच फाईल माझ्या सर्व्हरवर पीडीएफ झाली की १,२३४,५६७. दोष फायलीचा नाही, बघणाऱ्या मशीनचा. पक्कं करायचं तर तीन कप्प्यांचं स्वरूप लिहावं लागतं: कोटीच्या वर असं, लाखाच्या वर तसं, उरलेल्यांना साधं. ते बहुतेक एजंटांना येतं. जे ते सांगत नाहीत ते असं की उणे रक्कम कितीही मोठी असली तरी लाखाहून लहानच ठरते आणि तिसऱ्या कप्प्यात जाते. म्हणजे नफा पाच लाख असेल तर ५,००,००० आणि तोटा असेल तर -५००,०००. ताळेबंदात हे चटकन डोळ्यांत भरतं. तोट्याच्या रकान्याला मी वेगळं स्वरूप देते.

सूत्र लिहिलंय, पण मोबाइलवर सेल रिकामा दिसतो.

ओपनपायएक्सएल सूत्र लिहितं, हिशोब करत नाही. फाईल एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल हिशोब करतं आणि उत्तर दिसतं. व्हॉट्सॲपच्या किंवा मेलच्या झलकेत हिशोब करणारं कोणी नसतं, म्हणून सेल रिकामा. पाठवण्याआधी फाईल लिबरऑफिसमधून एकदा फिरवून घ्या, उत्तरं आत साठवली जातात.

उलटी चूक जास्त महाग पडते. जुनी फाईल ‘फक्त उत्तरं’ या रीतीने उघडून एजंटने पुन्हा साठवली तर सगळी सूत्रं जातात, नुसते आकडे उरतात. शिवाय ओपनपायएक्सएलने उघडून साठवलेल्या फायलीतून हाताने काढलेले आकार, बाण, चौकटी गळतात, आणि मॅक्रो राखायचे म्हणून वेगळं सांगितलं नाही तर तेही. तेव्हा मूळ फायलीवर कधीच साठवू द्यायचं नाही. टूलमध्ये मी तशी सोयच ठेवलेली नाही. नेहमी नवं नाव.

वर्ड म्हणतं ‘अनरीडेबल कंटेंट’. लिबरऑफिसमध्ये तर उघडते!

लिबरऑफिस समजूतदार आहे, वर्ड काटेकोर. आतल्या एक्सएमएलमध्ये खुणांचा क्रम ठरलेला असतो. एजंटने हाताने काही घुसडलं आणि क्रम चुकला की वर्ड अडतं. तक्त्याच्या प्रत्येक सेलमध्ये निदान एक परिच्छेद लागतो, रिकामा का होईना. चित्र घातलं पण त्याची नोंद संबंधांच्या फायलीत (झिपमधला कुठला भाग कुठे जोडलाय याच्या यादीत) केली नाही, तरीही अडतं. लायब्ररीच्या वाटेने गेलात तर हे सहसा होत नाही. एक्सएमएल थेट लिहायला लागलात की होतं. खऱ्या वर्डमध्ये निदान साचा तरी एकदा उघडून बघा. लिबरऑफिसमध्ये पास झाली म्हणजे फाईल पास असं नाही.

पीडीएफमध्ये वेलांट्या विस्कटतात, जोडाक्षरं फुटतात.

पीडीएफ कशातून केली? देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, लिहिताना आधी. अक्षरं साठवली जातात उच्चाराच्या क्रमाने, आणि ती कागदावर कुठे बसवायची हे ठरवणारं वेगळं इंजिन लागतं. त्याला शेपिंग म्हणतात. थेट पीडीएफ लिहिणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्या हे काम सांगितल्याशिवाय करत नाहीत. मग ‘किती’ची वेलांटी क च्या मागे पडते आणि ‘विद्यार्थी’ची चाळण होते. लिबरऑफिस हार्फबझ नावाचं शेपिंग इंजिन वापरतं. म्हणून माझा रस्ता ठरलेला: आधी वर्डची फाईल, मग पडद्याविना चालणाऱ्या लिबरऑफिसकडून पीडीएफ.

त्यात दोन खड्डे आहेत. सर्व्हरवर, विशेषतः हलक्या कंटेनरमध्ये (मोजक्याच गोष्टी असलेल्या बंदिस्त डब्यात), देवनागरी फॉन्टच नसतो. अक्षरांच्या जागी चौकोन येतात. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता बसवून घ्या, दोन्ही फुकट आहेत. आणि साच्यात जो फॉन्ट आहे तोच बसवा, नाहीतर ओळी वेगळ्या मोडतात आणि एका पानाचं पत्र दीड पान होतं. सही एकटीच पुढच्या पानावर. दुसरा खड्डा: एकाच प्रोफाइलवर (सेटिंगच्या फोल्डरवर) लिबरऑफिसची दोन रूपांतरं एकाच वेळी चालत नाहीत. दोनशे पत्रं एकदम सोडलीत तर काही गुपचूप गायब. एकामागून एक चालवा, नाहीतर प्रत्येकाला वेगळं प्रोफाइल द्या.

एजंट ‘झालं’ म्हणाला की झालं समजायचं का?

नाही. त्याच्या लेखी कोड चुकीशिवाय चालला म्हणजे झालं. त्या सभेच्या सूचनेनंतर मी टूलला दोन गोष्टी जोडल्या. एक, प्रत्येक फायलीची पीडीएफ करून तिच्या पानांचं चित्र एजंटला परत दाखवायचं. हल्लीची मॉडेलं चित्र बघू शकतात, त्यामुळे शीर्षक बारीक राहिलंय, तक्ता पानाबाहेर गेलाय, सही खाली लोंबतेय, हे त्याचं त्यालाच कळतं आणि तो दुरुस्त करतो. दोन, आकडे चित्रावरून तपासायचे नाहीत. चित्रात तीनाचा आठ वाचला जाऊ शकतो. भरलेली फाईल टूलने पुन्हा उघडायची, नावं आणि रकमा बाहेर काढायच्या आणि मूळ यादीशी ताडून बघायच्या. एकूण रक्कम आणि एकूण पत्रं जुळली नाहीत तर फाईल बाहेर जातच नाही.

तरीही पहिलं पत्र, मधलं एखादं आणि शेवटचं मी स्वतः उघडते. शेवटचं विशेष करून, कारण यादीच्या तळाशी कोणीतरी ‘एकूण’ अशी ओळ लिहिलेली असते आणि ‘श्री. एकूण’ यांना मागणीपत्र तयार झालेलं असतं.

‘दुसऱ्या’ हा शब्द फायलीत आहे, पण शोधल्यावर सापडत नाही.

मराठीचं खास दुखणं. रफार नसलेला तो अर्धा र दोन प्रकारे लिहितात. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन. दोन, साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. त्यात कोणी मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या कोडने न दिसणारी चिन्हं काढून टाकली की दुसऱ्या प्रकारातला जोडक जातो आणि ‘दुसर्या’ असा रफार डोक्यावर चढतो. वाचणारा म्हणतो, एआयला मराठी येत नाही. मराठी येत होतं, मधल्या झाडलोटीत गेलं.

‘ॲप’चीही तीच गोष्ट: ॲ हे एक अक्षर, किंवा अ वर चंद्र. टूलमध्ये शिरतानाच सगळं एका पद्धतीवर आणा. मी ऱ आणि ॲ ही स्वतंत्र अक्षरं ठेवते.

आमच्याकडे सगळं श्रीलिपीत आहे. एजंटला वाचता येईल?

जसंच्या तसं नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी असो की कृतिदेव, जुन्या पद्धतीच्या या फॉन्टांत मजकूर देवनागरी नसतोच. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढला की उरतो तो नुसता चिन्हांचा कचरा, आणि एजंटला तेवढाच दिसतो. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, रूपांतर करा. रूपांतरक मिळतात, पण फॉन्ट नेमका कुठला हे कळल्याशिवाय चालवू नका; एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांची मांडणीही वेगळी असू शकते. आणि नंतर एकदा माणसाने वाचायचं. जुन्या डीटीपी ऑपरेटरसारखं दुसरं कोणी हे काम करत नाही, त्यांना चुका कुठे दडतात ते पाठ असतं.

अनुक्रमणिकेत पान क्रमांक येत नाहीत.

येणार नाहीत. पानं मोजायचं काम मांडणी करणाऱ्या इंजिनाचं आहे, लायब्ररीचं नाही. वर्डमध्ये उघडा, अनुक्रमणिकेवर उजवी क्लिक, ‘अपडेट फील्ड’.

सभासदांची माहिती एआयला द्यायची म्हणजे धोका नाही का?

आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालाय आणि माहिती गोळा करणाऱ्याची जबाबदारी त्यात स्पष्ट आहे. ‘एआयने केलं’ हे उत्तर चालणार नाही. कायदा राहू दे, शेजाऱ्याची थकबाकी परक्या सर्व्हरवर का जावी? माझ्या टूलमध्ये पत्र लिहिताना एजंटला नाव दिसत नाही. त्याला दिसतो ‘सभासद १७’ आणि पत्राचा प्रकार. नाव, फ्लॅट, पॅन, रक्कम हे टूल तुमच्याच संगणकावरच्या यादीतून भरतं. त्याने पत्राच्या भाषेत काडीचाही फरक पडत नाही.

बाहेरून आलेली फाईल एजंटला वाचायला देताना जपा. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत ‘अमुक खात्यावर पैसे पाठव’ असं लिहिलेलं असू शकतं; तुम्हाला दिसत नाही, त्याला दिसतं. आणि कोणी नावाच्या रकान्यात ‘बरोबर’च्या चिन्हाने (=) सुरू होणारं काही लिहिलं तर ओपनपायएक्सएल ते सूत्र समजतं. त्याला मजकूर म्हणूनच लिहायला लावा.

डिजिटल सहीची यूएसबी मात्र एजंट चालतो त्या मशीनला लावून ठेवू नका. फाईल पूर्ण होऊ दे, वाचा, मग ज्याची सही त्याने स्वतः करावी. सहीनंतर एक टिंब बदललं तरी सही बाद होते, त्यामुळे क्रमही हाच ठेवावा लागतो.

फायलीच्या माहितीत लेखक म्हणून भलतंच नाव येतं.

हो, ‘पायथन-डॉक्स’. एक्सेलला ‘ओपनपायएक्सएल’. एका सीएंच्या गिऱ्हाइकाने विचारलंही होतं की हे नवीन आर्टिकल (सीएंकडे शिकणारे उमेदवार) आलेत का तुमच्याकडे. लेखकाचं नाव बदलायला कोडची एक ओळ पुरते.

फायलीचं नाव मराठीत ठेवलं तर चालेल?

चालतं, लांबण लावू नका. लिनक्सवर फायलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजून पंच्याऐंशीच्या आसपास संपलं. एजंटला विषयाची अख्खी ओळ नाव म्हणून द्यायची खोड असते. मी ‘सूचना’, मग तारीख, मग क्रमांक, एवढंच ठेवते; तारीख वर्षापासून सुरू करून, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप क्रमाने लागतात.